जाहिरातीतलं पाणी वेगळं, आपलं पाणी वेगळं : आयपी६८, आयपी६९ आणि खारा वारा

कातळसडा (धागाकर्ता)

मृगाची पहिली सर पडली की दोन गोष्टी हमखास उगवतात : रस्त्याकडेला टाकळा आणि मोबाईलच्या दुकानांवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेले फलक. आता तर वीस-पंचवीस हजारांच्या फोनवरही आयपी६९ छापलेलं असतं. जाहिरातीत फोन माशांबरोबर पोहतो, नळाखाली न्हातो, बाहेर येऊन केस झटकल्यासारखा चमकतो. प्रश्न एवढाच, की दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या कठड्यावरून तोंडावर उडणारं पाणी त्या आकड्यात धरलंय का?

नाही धरलेलं.

आधी आकडे मांडतो, म्हणजे पुढची हाणामारी तरी मुद्द्यावर होईल. आयपी म्हणजे फोन धूळ आणि पाणी किती अडवतो याचं रेटिंग, ते आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून येतं. पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे धूळ आत जातच नाही. दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर खोलीवर ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कठीण, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीच ठरवते. त्यामुळे २०१६ च्या गॅलेक्सी एस७ चं आयपी६८ दीड मीटरचं होतं आणि आयफोन १२ चं सहा मीटरचं. आकडा तोच, विहीर वेगळी. ९ म्हणजे ८० अंशांच्या गरम पाण्याचा जोरदार फवारा, तोही अगदी जवळून. आणि या सगळ्या परीक्षा गोड्या पाण्यात, नव्याकोऱ्या फोनवर घेतलेल्या.

रापणकर

म्हणजे ९ आकडा असला की न्हाणीत कढत पाण्याखाली फोन धरायला हरकत नाही. अभ्यंगस्नानाची सोय झाली.

सोल्डरतात्या

रापणकर, हरकत आहे. हे आकडे म्हणजे जिन्याच्या पायऱ्या नव्हेत, की वरच्या पायरीवर पोचलात म्हणजे खालच्या आपोआप चढून झाल्या. ५ आणि ६ या फवाऱ्याच्या परीक्षा, ७ आणि ८ बुडवण्याच्या. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. ५ ला ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी मारतात, ६ ला साडेबारा मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १०० लिटर. नुसतं आयपी६८ लिहिलेला फोन बादलीत तळाला शांत बसेल, पण पोफळीला शिंपण करायच्या पाइपाचा झोत थेट स्पीकरच्या जाळीवर बसला तर तो टिकेलच असं त्या आकड्यात कुठेही म्हटलेलं नाही. म्हणून खोक्यावर 'आयपी६६, आयपी६८, आयपी६९' असे तिन्ही सुटे लिहिलेत का ते बघायचं. सुटे लिहिले असतील तर सुट्या परीक्षा दिल्या आहेत.

न्हाणीचं म्हणाल तर साबण हा आणखी वेगळा वैरी. फोनच्या माइक-स्पीकरच्या भोकामागे एक पातळ पडदा असतो. तो हवा सोडतो, पाणी अडवतो. अडवतो कसा? पाण्याचा थेंब स्वतःला घट्ट धरून असतो, म्हणून बारीक छिद्रांतून शिरत नाही. साबणाने ती पकड ढिली होते आणि तोच थेंब निमूट आत सरकतो.

घाटावरची_पाहुणी

पुण्याहून विचारतेय. पुढच्या महिन्यात तारकर्लीला यायचं आहे. फोन आयपी६८, सहा मीटरवाला. पाण्याखाली फोटो काढता येतील ना? समुद्र कमरेइतकाच असेल.

गजालीकर

अगो बाय, पुढच्या म्हयन्यात दर्यात कमरेइतक्या पाण्यात उबी ऱ्हवतलंस? पावसात बोटी सगळे बंद असतत. फोनाचा मागसून बघूया, आदी तू वाचाक होयी.

कातळसडा

गजालीकर बरोबर बोलतायत. जून ते ऑगस्ट समुद्रात उतरायचंच नाही, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्यासुद्धा पावसाळ्यात बंद असतात. दिवाळीनंतर या. पण उत्तर तेव्हाही तेच राहील : खाऱ्या पाण्यात उघडा फोन नको. खोली हा प्रश्नच नाही, प्रश्न मिठाचा आहे. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळून जातं, क्षार जात नाहीत.

भरती_ओहोटी

यावर तर कोर्टकज्जे झालेत. ऑस्ट्रेलियात ग्राहक आयोगाने सॅमसंगला न्यायालयात खेचलं आणि २०२२ मध्ये १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड बसला. कारण काय, तर गॅलेक्सीच्या जाहिरातींत फोन तरणतलावात आणि समुद्रात वापरताना दाखवले होते. ॲपललाही इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२० मध्ये १ कोटी युरोचा दंड केला. तिथे मुद्दा दुहेरी होता. खोलीचे आकडे फक्त प्रयोगशाळेतल्या स्थिर, शुद्ध पाण्यात खरे ठरतात हे नीट सांगितलं नाही, आणि वर 'द्रवाने झालेलं नुकसान वॉरंटीत नाही' अशी तळटीप. पुढच्या दाराने पोहायला बोलवायचं आणि मागच्या दाराने बुडालात तर आम्ही नाही म्हणायचं.

एस_अल्ट्राप्रेमी

सॅमसंगवर धावून जाण्याआधी निकाल नीट बघा. दंड पाणी फोनच्या आत शिरल्याबद्दल नव्हता. खाऱ्या किंवा तलावाच्या पाण्यात भिजल्यावर ओला असतानाच चार्ज केला तर चार्जिंगचा पोर्ट गंजू शकतो, हे कंपनीने मान्य केलं, आणि मुद्दा तेवढाच होता. फोन आतून कोरडाच होता.

भरती_ओहोटी

वा! म्हणजे घर गळत नाही, फक्त दार गंजून उघडत नाही. फार मोठा दिलासा.

सोल्डरतात्या

अल्ट्राप्रेमींचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि या धाग्याचा गाभाही तोच. किनाऱ्यावरचे फोन बुडून कमी मरतात, पोर्टाने जास्त मरतात. समुद्राकाठी फोन एकदाही न भिजवता पोर्ट जातो. कसा, ते जरा सावकाश सांगतो.

यूएसबी-सी च्या भोकात मधोमध एक जीभ असते. तिच्या वर १२ आणि खाली १२ अशा २४ पट्ट्या, दोन पट्ट्यांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत अर्धा मिलिमीटर. यातली चौथी पट्टी वीज आणते आणि तिच्या अगदी शेजारची पाचवी चार्जरशी बोलणी करते : मी फोन आहे, मला इतके व्होल्ट दे. बोलणी झाली की ५ व्होल्टचे ९ होतात, लॅपटॉपला २० पर्यंत जातात. आता अर्ध्या मिलिमीटरच्या त्या फटीत मिठाचा एक कण बसला, तर वीज शेजारणीच्या घरात घुसते. बोलणी बिघडतात, 'पोर्टमध्ये ओलावा' अशी सूचना येते, फास्ट चार्जिंग बंद पडतं. नशीब फारच वाईट असेल तर बोलणी करणारी चिपच जळते.

पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, पण अगदी पातळ. त्याखाली निकेल, त्याखाली तांब्याचा मिश्रधातू. ओलं मीठ आणि वीज एकत्र आली की धन बाजूची पट्टी विरघळायला लागते, शाळेतल्या विद्युतअपघटनाच्या प्रयोगासारखी. म्हणून केबलच्या टोकातली नेमकी एखादीच पट्टी काळी पडलेली दिसते. ती वीजवाहक पट्टी. अशी केबल पुसून वापरत बसू नका. काळ्या पट्टीला रोध जास्त, ती तापते आणि फोनच्या बाजूची पट्टीही खराब करते. केबल टाकून द्या.

ओळखायची खूण : केबल एका बाजूने लावली तर चार्ज होतो, उलटी लावली तर होत नाही. हा गंज किंवा तुटकी पट्टी. केबल पूर्ण आत बसतच नाही, खट् असं लागत नाही, तो मात्र नुसता खिशातला कापूस. दोन्हींचे उपाय वेगळे.

मोडेम_मांजर

तात्या, पण पाऊस नसताना, फोन कोरडा असताना मीठ ओलं कसं होतं?

सोल्डरतात्या

स्वयंपाकघरात बघा. श्रावणात खड्या मिठाच्या बरणीत तळाला पाणी साठतं ना, तसंच. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून पाझरतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात ७५ च्या खाली हवा उतरते कधी? म्हणजे उन्हाळ्यात वाऱ्याने पोर्टात बसलेलं मीठ पावसाळ्यात आपोआप जागं होतं.

आणि एक बारीक पण कामाची गोष्ट. चार्जर भिंतीत, बटण चालू, केबल लोंबकळत ठेवलेली, ही घराघरांतली पद्धत. जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरची केबल असेल तर तिच्या टोकावर फोन नसतानाही ५ व्होल्ट कायम असतात, खाऱ्या हवेत टोक दिवसरात्र कुजत राहतं. दोन्हीकडे सी असलेली केबल मात्र पलीकडे फोन आहे याची खात्री होईपर्यंत वीज सोडतच नाही. तेव्हा किनाऱ्यावर सी-ते-सी घ्या, नाहीतर निदान भिंतीचं बटण बंद करा.

गजालीकर

तात्यानू, ह्या सगळा खरा. पण मिठाच्या बरणयेत तांदळाचे चार दाणे घालतत, मीठ मोकळा ऱ्हवता. मग भिजलेलो फोन तांदळात घातलो तर कित्याक चलना नाय?

कातळसडा

मला वाटलंच होतं तांदूळ आल्याशिवाय धागा सुटणार नाही.

सोल्डरतात्या

प्रश्न रास्त आहे, हसू नका. बरणीत तांदूळ आणि मीठ अंगाला अंग लावून असतात, आणि ओलावा थोडा असतो. फोनमध्ये पाणी काचेआड, रबराच्या पट्टीआड, जाळीमागे असतं. तांदूळ बाहेरून त्याला ओढून घेऊ शकत नाही. उलट भुकटी आणि कणी पोर्टात जाते, ओली होऊन खळ होते. जानेवारी २०२४ मध्ये ॲपलने आपल्या मदतपानावर स्पष्टच लिहिलं, की फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, बारीक कणांनी नुकसान होऊ शकतं. आणि मूळ मुद्दा राहतोच. तांदळाने पाणी जरी गेलं, तरी मीठ कुठे जाणार?

गजालीकर

म्हणजे तांदूळ पेजेकच बरो.

मोडेम_मांजर

मग खाऱ्या पाण्यात पडलाच तर नेमकं काय करायचं? क्रमाने सांगा, इथे शोधत येणाऱ्याचे हात थरथरत असतात.

सोल्डरतात्या

आधी फोन बंद. चालतोय का, कॅमेरा सुरू होतोय का, हे बघत बसायचं नाही, चार्जर तर अजिबात लावायचा नाही. मग फोनची अवस्था बघायची. काच आणि मागची बाजू अखंड, आयपी६७ किंवा ६८, आणि फोन पूर्वी कधी उघडलेला नाही, असं असेल तर त्याला गोड्या पाण्याने धुवायचं. होय, भिजलेला फोन परत भिजवायचा. तांब्यातून संथ धार धरा, पोर्ट आणि स्पीकरची जाळी धुवा, झोत नको. मीठ ओलं आहे तोवरच निघतं, वाळल्यावर जाळीत बसून आवाज घोगरा करतं. मग पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच आपटायचं, थेंब गळू द्यायचे. बाहेरून पुसून झाल्यावरच सिमचा ट्रे काढा, आधी काढलात तर पाण्याला आयता दरवाजा. पंख्याखाली पोर्ट वाऱ्याकडे करून ठेवा. निदान पाच तास चार्जिंग नको. ओलाव्याची सूचना दुसऱ्या दिवसापर्यंत राहू शकते, ती डावलून चार्जिंग रेटू नका. घाईच असेल तर फोन नीट पुसून वायरलेस पॅडवर ठेवा, पोर्टाला वीज लागत नाही.

हेअर ड्रायर नको, भर उन्हात नको, चुलीच्या वैलावर तर नकोच. पाठ आणि काच ज्या गोंदाने चिकटलेली असते तो उष्णतेने ढिला होतो, बॅटरीलाही त्रास.

काच तडकलेली असेल किंवा फोनला रेटिंगच नसेल तर घरी धुण्याचा खेळ करू नका. बंद करा आणि त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. तिथे पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवणं. बोर्डावर वीज आहे तोवर गंज धावतो, वीज काढली की रांगतो. मग डिस्टिल्ड पाणी आणि त्यानंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानातलं ७० टक्केवालं नको, त्यातला उरलेला मोठा भाग पाणीच असतो. 'दोन दिवस वाळवून बघू' म्हणणाऱ्या दुकानातून फोन उचला आणि दुसरीकडे चला. दोन दिवसांत बोर्डावर हिरवी बुरशी दिसते, ती बुरशी नव्हे, तांब्याचा क्षार.

रापणकर

आणि पोर्ट साफ करायला सुई?

सोल्डरतात्या

सुई, टाचणी, पत्र्याचा तुकडा, काहीही धातूचं नको. फोन बंद करून लाकडी दातकोरणं, तेही चपटं तासून, भिंतीच्या कडेने फिरवा. मधल्या जिभेला खरवडू नका. मिठाचा पांढरा थर असेल तर मऊ ब्रशला ९९ टक्केवाल्या अल्कोहोलचा एक थेंब, आणि अर्धा तास वाळू द्या. पोर्टात बसवायचे रबरी बूच मिळतात, ते पोर्ट पूर्ण कोरडा असतानाच लावायचे. ओला असताना लावलेत तर आतला ओलावा तुम्ही स्वतः कोंडलात.

जुनं_ते_सोनं

या सगळ्याला कारण एकच : बॅटरी काढता न येणारे फोन. पाठ उघडा, बॅटरी काढा, पुसा, संपलं. कंपन्या म्हणतात वॉटरप्रूफ हवं तर फोन चिकटवायलाच हवा. धादांत थाप. २०१४ चा गॅलेक्सी एस५ घ्या. पाठ नखाने निघायची, बॅटरी बदलता यायची, आणि तरी आयपी६७.

एस_अल्ट्राप्रेमी

आणि चार्जिंगच्या भोकावर झाकण होतं, ते प्रत्येक वेळी दाबून बसवायला लागायचं. पाठीची रबरी पट्टीही चारी बाजूंनी दाबावी लागायची, एक कोपरा राहिला की आयपी शून्य. लोकांनीच त्या झाकणाला कंटाळून शिव्या घातल्या. एस७ झाकणाशिवाय आयपी६८ झाला तेव्हा टाळ्याही लोकांनीच वाजवल्या.

जुनं_ते_सोनं

टाळ्या वाजवणारे किनाऱ्यावर राहत नसणार. असो, युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशी बॅटरी देण्याचा नियम लागू होतोय. बघू मग.

भरती_ओहोटी

त्यात पळवाट आहे. १००० वेळा चार्ज करूनही ८० टक्के क्षमता टिकवणारी बॅटरी आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग, हे दोन्ही दाखवलं तर फोनला त्यातून सूट मिळते. म्हणजे महागडे फोन चिकटलेलेच राहणार. त्यापेक्षा २० जून २०२५ पासून तिथे फोनच्या खोक्यावर ऊर्जा-लेबल आलंय ते कामाचं. आपल्याकडच्या फ्रिजच्या ताऱ्यांसारखं, पण त्यात पडल्यावर किती टिकतो, दुरुस्त करायला किती सोपा आणि आयपी किती, हेही छापावं लागतं. दुकानदाराच्या तोंडच्या वॉटरप्रूफपेक्षा बरं.

घाटावरची_पाहुणी

पण भिजून बिघडला तर वॉरंटी नाहीच का? मग आकडा छापतात कशाला?

कातळसडा

बहुतेक कंपन्यांच्या अटींत द्रवाचं नुकसान वगळलेलं असतं. सिमच्या खाचेत आत एक बारीक पांढरी पट्टी असते, पाण्याचा स्पर्श झाला की लाल होते. सर्व्हिस सेंटरवाला बॅटरी घेऊन तिथेच पहिला डोकावतो. लाल दिसली की त्याचं बोलणं संपलं. म्हणून फोन देण्याआधी त्या खाचेचा फोटो तुम्हीही काढून ठेवा, आणि नकार मिळाला तर लेखी मागा.

भांडायचंच असेल तर जाहिरातीचा व्हिडिओ, खरेदीची पावती आणि तो लेखी नकार, एवढं जमवून आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फी नाही. २०१९ च्या कायद्याखाली फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाच्या मानाने चिल्लर, पण आहे.

मोडेम_मांजर

कातळसडा, 'बॅटरी घेऊन' म्हणजे कुठली बॅटरी?

कातळसडा

आमच्याकडची. हातातली. पाहुण्यांसाठी खुलासा : कोकणात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल.

रापणकर

घाटावरचीला कामाचं सांगा. उघडा फोन नको तर पाउच घ्यावा का?

सोल्डरतात्या

घ्यावा, पण त्याच्यावरही डोळे मिटून विश्वास नको. आत फोनऐवजी टिश्यूपेपरची घडी आणि वजनाला दोन नाणी घाला, बंद करून बादलीत तळाला अर्धा तास दाबून ठेवा. टिश्यू कोरडा निघाला तर पाउच चांगला. ही परीक्षा दर सहलीआधी घ्यायची, कारण वाळूचा एक कण चिमट्याच्या फटीत बसला की झालं. थोडी हवा कोंडून ठेवा, म्हणजे हातातून सुटला तर तरंगेल. टच पाण्याखाली चालणार नाही, कॅमेरा आधी सुरू करून आवाजाच्या बटणाने फोटो काढा. वर आल्यावर पाउच आधी गोड्या पाण्याने धुवायचा, पुसायचा, मग उघडायचा.

मोडेम_मांजर

टच का चालत नाही, एवढं सांगून टाका. मासळीबाजारातला रोजचा प्रश्न आहे, ओल्या हाताने यूपीआयचा पिन उठत नाही.

सोल्डरतात्या

काचेखाली विजेच्या क्षेत्राची बारीक जाळी असते. बोट टेकलं की त्या जागी क्षेत्र बदलतं, फोनला कळतं बोट कुठे आहे. पाणीही क्षेत्र बदलतं, खारं पाणी तर फारच. बर्फाच्या पाण्याचा ओघळ काचेवर पसरला की फोनला वाटतं एकाच वेळी दहा बोटं टेकली, आणि तो गोंधळून तरी जातो नाहीतर स्वतःच आकडे दाबत सुटतो. अशा वेळी स्क्रीन बंद करून पदराने काच आणि बोट दोन्ही पुसायची, मगच पिन. 'ओलं बोट चालतं' म्हणणाऱ्या नव्या फोनमध्ये हा गोंधळ सॉफ्टवेअरने गाळतात. पावसाच्या थेंबांना ते पुरतं, सुरमई कापलेल्या हाताला पुरेलच असं नाही. त्यापेक्षा विकणाऱ्याने क्यूआर लावावा आणि पैसे देणाऱ्याने कोरडे हात आणावेत.

रापणकर

कोळणीच्या टोपलीशेजारी दिवसभर राहून संध्याकाळी वाजणारा फोन म्हणजे आयपी७०. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

घाटावरची_पाहुणी

कळलं सगळं. दिवाळीनंतर येते, पाउच घेऊन, सी-ते-सी केबल घेऊन. शेवटची शंका. फोनवर सोलकढी सांडली तर? त्याचा कुठला आकडा?

सोल्डरतात्या

मानकात सोलकढी नाही. त्यात कोकमाचं आंबट, मीठ आणि नारळाचा स्निग्धांश, म्हणजे तिन्ही वैरी एका वाटीत. अखंड आयपी६८ असेल तर लगेच बंद करून गोड्या पाण्याच्या संथ धारेने धुवायचा, चिकटपणा जाईपर्यंत. बाकी सगळं वर लिहिलंय तसंच.

गजालीकर

आदी वाटी सरळ कर गो. उरलेली तरी वाचतली.